जावयाचा पडदा आणि पाटलांचं बोट

"लिहून ठेव पुनम! या दसऱ्याले तुझे बाबा माझं नाव घेतल्याबिगर पानी पेनार नाईत!"

धनराजने छाती फुगवून ही घोषणा केली, तेव्हा त्याची बायको मोबाइलवर पडदा उघडत होती. उघडत होती, बंद करत होती, पुन्हा उघडत होती आणि स्वतःशीच हसत होती. नवऱ्याने एवढी मोठी गोष्ट बोलून दाखवली तर माणसाने निदान मान तरी वर करावी की नाही?

"काय मस्त उघडते जी हा पडदा!" ती म्हणाली. "अनसभाऊच्या हातात जादूच हाय!"

झालं! धनराजचा चेहरा असा काही पडला की समोरच्या ताटातल्या वांग्याच्या भाजीलाही त्याची कीव यावी.

आता हा अनस कोण, ते सांगायला हवं. धनराज चंद्रपुरात एका छोट्याशा ऑफिसात मोबाइलची ॲप बनवतो आणि अनस त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. धनराजचे सासरे भैयाजी वडशाला नाटक कंपनी चालवतात. झाडीपट्टीत दिवाळी झाली की होळीपर्यंत गावोगाव नाटकं रंगतात. बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असो की गावजत्रेची मंडई, रात्रभराचं नाटक नसेल तर पाहुणे जेवून सरळ घरची वाट धरतात. म्हणून गावागावांची मंडळं वडशाला येऊन आधीच तारखा धरून ठेवतात. या तारखा मोबाइलवर धरता याव्यात यासाठी धनराजने सासऱ्यांना अख्खं ॲप घडवून दिलं होतं. तारखांची जुळवाजुळव त्याची, कलाकारांना आपोआप जाणारे मेसेज त्याचे, सगळं सगळं त्याचं! अनसने फक्त एका दुपारी चहा पिता पिता पहिल्या पानावर लाल मखमली पडदा लावून दिला. ॲप उघडलं की तो दोन्ही बाजूंना झुळकन सरकायचा. बस्स, एवढंच!

आणि भैयाजींना काय दिसलं? पडदा! चहा पार थंड होईपर्यंत ते तो पडदा उघडत बसले.

"जवाईबापू," ते म्हणाले, "यंदाच्या पोस्टरवर त्या पोराचं नाव टाकाव म्हंतो. 'पडद्याची जादू : अनस'. कसं वाटते?"

धनराजला कसं वाटलं ते इथे छापण्यासारखं नाही. लग्न झाल्यापासून तो त्या पोस्टरकडे आशेने बघत आला होता. नाटकाचं पोस्टर म्हणजे प्रत्येक पानठेल्यावर, प्रत्येक पारावर, प्रत्येक एसटी थांब्यावर! त्यावर हार्मोनियमवाल्याचं नाव, गाडीच्या ड्रायव्हरचं नाव, एवढंच काय, चहावाल्याचंसुद्धा नाव असायचं. जावयाचं नाव मात्र कुठेच नाही!

"मामाजी, थोडं थांबा," तो घाईने म्हणाला. "दसऱ्याले मुहूर्त करू, तवा पहा मी काय करून दाखोवतो!"

"बरं, थांबतो," भैयाजी म्हणाले. "त्याच्यापेक्षा भारी केलं तं तुमचं टाकू. आपल्याले काय, नाव कोनाचंई असो."

त्या दिवसापासून धनराज मत्सराने नुसता धुमसत होता. अनस खुर्चीवर शीळ घालायचा, तीसुद्धा त्याला पोस्टरच्या आनंदात घातलेली वाटायची.

तसं हे ॲनिमेशनचं काम आजकाल कठीण राहिलेलं नाही. पूर्वी चित्र कसकसं हलवायचं ते टप्प्याटप्प्याने लिहावं लागायचं. आता फक्त सांगायचं की तारीख शिल्लक असली की पान असं दिसावं आणि बुक झाली की तसं दिसावं. असं होतं त्याचं तसं कसं व्हायचं, ती मधली हालचाल प्रोग्राम स्वतःच बघून घेतो. भैयाजी नटाला सांगतात ना, पहिल्या अंकात तू सावकार, दुसऱ्या अंकात तू भिकारी. विंगेत जाऊन धोतर कसं फेडायचं ते नटाचं नट बघतो. तसंच हे.

अनसने ही सोय एका पडद्यापुरती वापरली होती. धनराजने ठरवलं, आपण सगळीकडे वापरायची! ॲपच्या अगदी वरच्या टोकाला त्याने एकच ओळ घातली : आत जे जे म्हणून बदलेल, ते ते झोकात बदलू दे. तारखेची पट्टी धरली की तिच्यावर छोटा पडदा पडणार, पट्टी डुलत डुलत यादीच्या तळाशी जाणार, बाकीच्या पट्ट्या वर सरकणार. तेही सावकाश! मागच्या रांगेतल्या माणसाला दिसलं पाहिजे ना! तारीख धरण्याआधी 'नक्की का?' असं विचारणारी एक चौकट यायची. ती नेमकी पडद्याच्या आड येत होती, म्हणून त्याने ती काढूनच टाकली.

अनसने शेजारून डोकावून पाहिलं. "धनराजभाऊ, हर चीज को नको ना लावू! जिथी गरज हाय तिथीच लाव. आन् इतकं सावकाश काऊन? मानूस पुन्ना पुन्ना बटन दाबन!"

"तू तुझं काम पाह्य," धनराज म्हणाला, आणि मनात म्हणाला, जळते मेला माझ्यावर!

दसरा उजाडला. वडशाच्या कंपनीच्या ऑफिसात झेंडूची तोरणं लागली, गावोगावची मंडळं फटफट्यांवरून आली, धनराजसोबत पुनमही आली. भैयाजींनी मोबाइल मोठ्या टीव्हीला जोडून घेतला होता. पहिली तारीख धरण्याचा मान साजाटोल्याच्या पत्रू पाटलांना. त्यांना शंकरपटासाठी एक नाटक हवं होतं, एकच. शेजारच्या बोरटोलीचे मुखरूभाऊ मांडी घालून समोरच बसले होते. या दोन गावांचं विहिरीवरून नाही, रस्त्यावरून नाही, पण शंकरपट कोणाचा मोठा यावरून पिढ्यान् पिढ्या वाकडं आहे.

"दाबा पाटील!" धनराज म्हणाला.

पाटलांनी धानाच्या बांधीत मुरलेलं आपलं जाडजूड बोट बटणावर ठेवलं. टीव्हीवर छोटा लाल पडदा सावकाश खाली आला. पट्टी डुलली, लाजली, निघाली.

"आहाहा!" सगळं ऑफिस एका सुरात म्हणालं. आणि मागून कोणीतरी सवयीने ओरडलं, "वन्स मोर!"

झाडीपट्टीचा प्रेक्षक तो! गाणं आवडलं की वन्स मोर, रडणं आवडलं की वन्स मोर, मरणारा नट झकास मेला तर त्याला उठून पुन्हा मरावं लागतं. पाटलांनाही वाटलं, आपण दाबलेलं नीट लागलं नसावं, पट्टी तर अजून समोरच दिसते आहे. त्यांनी पुन्हा दाबलं.

"वन्स मोर!"

पाटलांनी पुन्हा दाबलं. टाळ्या! शिट्ट्या! पाटलांना आयुष्यात इतक्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या. त्यांनी धोतर सावरलं, बाही वर केली आणि बोट चालू ठेवलं.

धनराज मात्र टीव्हीकडे बघतच नव्हता. तो भैयाजींच्या चेहऱ्याकडे बघत होता. भैयाजी हसत होते! डोळे चमकत होते! धनराजला पोस्टरवर आपलं नाव दिसू लागलं, तेही हीरोच्या नावाएवढ्या अक्षरात. "दाबा पाटील, अजून दाबा!" तो ओरडला.

टाळ्यांचा भर ओसरला तो भैयाजींच्या फोनच्या आवाजाने. पलीकडून कंपनीची हिरॉईन ज्योत्स्ना एवढी कडाडत होती की फोन कानाला लावायची गरजच नव्हती.

"भैयाजी, हे काय होय जी? दिवाळीचा साजाटोला, संक्रांतीचा साजाटोला, होळीचाई साजाटोला! मी काय तिथी रेशन कार्ड काढून राहू काय?"

धनराजने आता कुठे टीव्हीकडे पाहिलं.

झालं होतं ते असं. पाटलांनी दाबल्याबरोबर आतल्या आत तारीख बुक झालीच होती आणि पुढची तारीख तिच्या जागी येऊन बसली होती. टीव्हीवर मात्र जुनीच पट्टी निवांत डुलत होती. डोळ्याला दिसत होतं जुनं, बोटाखाली येत होतं नवं! दरेक वन्स मोरला एक नवी तारीख साजाटोल्याच्या नावावर चढली आणि तिचा मेसेज आपोआप कलाकारांना गेला. 'नक्की का?' विचारायला चौकट नव्हतीच. मोजून मूठभर घरांच्या साजाटोल्याने भैयाजींच्या कंपनीचा अख्खा सीझन उचलला होता!

"हे सावकाशीचं खूळ कोनं घातलं?" भैयाजी गरजले. नाटकवाल्याचा आवाज तो, तोरणातली झेंडूची फुलं हलली.

सगळ्यांनी धनराजकडे पाहिलं. पुनमनेही पाहिलं. आणि धनराजच्या तोंडून, त्याने ठरवण्याआधीच, निघून गेलं :

"अनसनं! ते... पडद्याचं सप्पा, सारंच्या सारं काम अनसकडेच हाय मामाजी. मी त्याले सांगून राह्यलो होतो, इतकं सावकाश नोको!"

बोलून टाकल्यावर त्याला जरा बरंच वाटलं. घे म्हणावं जादूगारा, आता टाक पोस्टरवर नाव! पाटील कपाळ पुसत म्हणाले, "भैयाजी, आमाले एकच पायजे होतं जी. बाकीचं वापस घ्या."

तेवढ्यात मुखरूभाऊ उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"साजाटोल्यानं अख्खा सीझन घेतला, आन् आमी काय हात जोडून त्याइच्या गावात नाटक पाह्याले जाऊ काय? भैयाजी, बोरटोलीले आत्ताच्या आत्ता तारखा पायजेत! एक नाई, दोन!"

"दोन?" पत्रू पाटील गर्रकन वळले. त्यांनी कपाळ पुसणं थांबवलं आणि मिशीवर हात नेला. "वापस कोन करून राह्यलं? मले तीन ठेवाच लागते!"

मग जे सुरू झालं ते विचारू नका! जी मंडळं नुसती चहा प्यायला आली होती, तीही पुढे घुसली. त्याने दोन घेतल्या तर आम्ही का नाही? भैयाजींनी हात जोडून पाटलांकडून तारखा सोडवायच्या आणि त्या हवेतच झेलल्या जायच्या. दरवर्षी होळीजवळच्या ज्या तारखांना कुत्रं विचारत नाही, त्यांच्यावरून दोन मंडळांची गचांडी धरण्यापर्यंत मजल गेली. जेवणाच्या वेळेपर्यंत यादीत एक तारीख शिल्लक राहिली नाही.

भैयाजी खुर्चीत टेकले. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं.

"जिंदगी गेली या धंद्यात," ते म्हणाले, "पन दसऱ्याच्या दिवशी सीझन फुल्ल कधी पाह्यला नोता. काय डोकं हाय त्या अनसचं! आन् जवाईबापू, तुमी त्याले हे करू नोको म्हनत होते?"

पुनम धनराजकडे एकटक बघत होती.

"नाई म्हंजे..." तो कसाबसा म्हणाला, "माझंई थोडंसं..."

"राहू द्या जी," पुनम म्हणाली. "मानसानं मान्य कराव. सप्पायले थोडीच जमते असं!"

पोस्टर दिवाळीआधी छापून आलं. मधोमध टपोऱ्या अक्षरात 'पडद्यांची जादू : अनस', जादूभोवती चांदण्यासुद्धा. अनसने फोटो पाहून विचारलं, "धनराजभाऊ, मी तं नाईच म्हनत होतो ना बे? मंग हे काय होय?" धनराजने त्याला सांगितलं की मामाजींचा हट्ट आहे, आणि तेवढ्यावर विषय मिटवला.

भैयाजींकडे अनसचा नंबर नव्हता. म्हणून नावाखाली त्यांनी जावयाचा छापून टाकला.

तेव्हापासून फोन थांबत नाहीत. पोंभुर्ण्याहून, गडचांदूरहून, कुठून कुठून! पहिले काही दिवस धनराज दरेकाला चिडून समजावून सांगायचा की बाबा, मी अनस नव्हे. परवा घुग्घुसहून एका मंडळाच्या अध्यक्षाचा फोन आला.

"अनसभाऊ बोलून राह्यले काय? काय ते तारखेचं डुलनं केलं जी तुमी! आमी रोज गावात सप्पायले दाखवून राह्यलो. असा कलाकार मानूस आपल्या जिल्ह्यात हाय, हेच आमचं नशीब!"

धनराजने दाराकडे पाहिलं. पुनम स्वयंपाकघरात होती. त्याने आवाज खाली आणला.

"हो जी," तो म्हणाला, "अनसच बोलून राह्यलो. त्या डुलन्याचं काय म्हनत होते, पुन्ना एकडाव सांगा बरं?"