शेख सरांची चकती

शेख सरांकडे गेलं की दारातच हुकूम यायचा, "हात मांगं." मग दोन्ही हात पाठीशी बांधून, अटक झाल्यासारखं उभं राहायचं. पाहुणा असो की दूधवाला, सूट कोणालाच नाही. एका लग्नात तर सर स्वतःच हात मागे बांधून वाढप्यापुढे उभे. तो म्हणाला, "सर, ताट कोन धरन?"

सर चंद्रपूरला आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. मी तिथे हिशेब पाहायचो आणि त्यांच्या शेजारी राहायचो. कोळसा खाणीतला घातक वायू वेळीच ओळखणारा, नखाएवढा तुकडा त्यांना बनवायचा होता. त्यासाठी सिलिकॉनची चकती लागे. बशीएवढी गोल, पातळ, आरशासारखी. तिच्यावर केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतका थर चढवायचा. बोट लागलं की काम बिघडलं.

"मानसाचं बोट म्हंजे तेलाची घानी आहे, भाऊ," ते म्हणत. "पन माह्या अॅसिडात बुडवली का सारं निघते. डाग राहतच नाई."

घरच्या भिंतीवर मात्र काचेच्या चौकटीत एक चकती होती आणि तिच्यावर बोटाचा ठसठशीत ठसा. तो सरांच्या बायकोचा, शकिलाभाभींचा. सरांनी चकती घरी आणली, तेव्हा भाभींनी तिच्यात पाहून सुरमा घातला होता. सर दोन दिवस बोलले नाहीत. "पाहू द्यायचा नवता, त मंग आरसा आनला काऊन?" असं भाभी आम्हाला हसत सांगायच्या. पुढे त्या तापाने गेल्या.

त्याच वर्षी नागपूरहून तपासणीला साहेब यायचे होते. तयार तुकडा दाखवला नाही तर संशोधनाचं अनुदान बंद. आदल्या दिवशी सरांची शेवटची चकती चिमट्यातून सुटून फुटली. नवी यायला महिना लागणार.

मी भिंतीकडे पाहिलं. "सर, ही आहे ना. डाग निघतो म्हणता."

सरांनी चौकट उतरवली. मागचा एक खिळा काढलाही. मग थांबले.

"निघते भाऊ," ते म्हणाले. "सारंच निघते."

खिळा त्यांनी परत ठोकला.

अनुदान बंद झालं. त्या दिवशी परत टांगताना चौकट जरा तिरपी बसली, ती अजून तशीच आहे. मला सरळ करावीशी वाटते. पण तिच्यापुढे उभा राहिलो की माझे हात आपोआप मागे जातात. सरांना सांगावं लागत नाही.