मोहा चालला फ्रान्सला

"साहेब, परदेशात माल पाठवणं इतकं सोपं झालं, तं आमच्या घरचा मोहा फ्रान्सले जाईन का?"

हा प्रश्न विचारायची पैज वर्गातल्या रीता आणि संघप्रियाने पुनमशी लावली होती. कुरखेड्याकडच्या त्या शाळेत निर्यातीचं काम बघणारे एक सरकारी साहेब मुक्त व्यापारावर बोलायला आले होते. जकात उतरली, साऱ्या कागदपत्रांची खिडकी एकच झाली, परवानगी मोबाईलवर मिळते वगैरे. दहावीतली पुनम ताडकन उठली आणि विचारून मोकळी झाली. पोरी खिदळल्या. साहेब मात्र खूश!

"का नाही जाणार? उद्या तुझ्याच घरी येतो, नमुना बघायला."

पुनम उड्या मारत घरी आली. बातमी ऐकताच तिच्या आईच्या, वच्छलाच्या, हातातली थाळी निसटली.

"सरकारी जीप? आपल्या घरी? मोहा पाहाले?"

जिल्ह्यात दारूबंदी, आणि मोहफुलांची दारू गाळतात. या घरात कोणी दारू गाळत नव्हतं. पण जीप आली की मोहाची पोती जप्त होतात, एवढं साऱ्या गावाला ठाऊक. आणि पुनमच्या अकरावीच्या वसतिगृहाचे पैसे घरातली तीन पोती विकूनच यायचे होते.

"तुले काऊन तोंड खुपसाचं होतं वो?" बाप मुखरू पोत्यांकडे धावतच म्हणाला.

"बाबा, तो निर्यातवाला होय."

"जीपवाला होय ना? झालं मंग!"

पोती गोवऱ्यांच्या ढिगाखाली गेली. शेजारच्या बायनाबाईने ते पाहिलं आणि आपलं पोतं भाताच्या तणसात खुपसलं. तिचं पाहून पलीकडच्या सुरेंद्रने न्हाणीत दडवलं. सकाळपर्यंत गावात मोहफूल औषधालाही उरलं नाही.

जीप आली. साहेब उतरले. "कुठाय मोह?"

"मोहा? आमच्या गावात होतच नाई," मुखरू म्हणाला.

"मग मागे ही दोन झाडं कसली?"

"ते... सावलीसाठी आहेत, साहेब."

"यंदा रुसली होती," बायनाबाई मदतीला धावली. "फूलच नाई देल्लं!"

साहेब जीपकडे वळले. पुनमने गोवऱ्यांच्या ढिगाकडे पाहिलं. बोललं तर पोती जाणार, गप्प राहिलं तर फ्रान्स. पण तोंड कुठलं थांबायला!

"गोवऱ्यांखाली आहे, साहेब!"

मुखरू मटकन खाली बसला आणि त्याने बेड्यांसाठी दोन्ही हात पुढे केले. साहेबांनी त्यातला एक धरून जोरात हलवला. मग गोवऱ्यांखालचं पोतं उघडून मूठभर फुलं हुंगली.

"फूल उत्तम आहे. वास तेवढा गोवरीचा. साऱ्या गावाचा माल एका जागी जमवा, मी खरेदीदार घेऊन येतो."

संध्याकाळी मुखरूच्या अंगणात पोत्यांची थप्पी पार छपराला टेकली. जो तो म्हणे, "आमचाही पाठव वो, पुनमबाई!"

मुखरू थप्पीकडे बघतच राहिला. "काल तीन पोत्यांचा भेव होता. आज साऱ्या गावचा मोहा माह्या दारात! आता दुसरी, दारूबंदीवाली जीप आली तं?"

पुनमने एकदा रस्त्याकडे पाहिलं, मग थप्पीच्या कडेच्या एका पोत्यावर ठिय्या मारला.

"आई, बाबा, मी ठरवलं. खरेदीदार येईपर्यंत माहा अभ्यास इथीच. दुसरी जीप आली तं तुमी घरात जा. मी सांगीन, हा सारा मोहा माहा एकटीचा होय!"