पोथीशी भांडणारे वसंतभाऊ

आमचे शेजारी वसंतभाऊ रोज सकाळी अंघोळ करून ओट्यावर बसतात, लाल फडक्यातली पोथी सोडतात आणि तिला शिव्या घालतात. कामरगावात नवा आलेला माणूस आधी लांबून हात जोडतो, मग जवळ आल्यावर घाईने चालू लागतो.

देव ते मानत नाहीत. तरी मयताच्या घरी वाचतात ती पोथी त्यांनी मुद्दाम विकत आणली. "भांडाचं असलं त पुरं वाचून भांडा," म्हणतात. एकदा वांग्यांना पाणी सोडून वाचायला बसले. आंधळेपण हे मागच्या जन्मीच्या पापाचं फळ, असं काहीतरी आलं आणि भाऊ इतके तापले की इकडे वाफे फुटून पाणी रस्त्यावर आलं. "हे कोन्या कोर्टात ठरलं?" हा त्यांचा नेहमीचा सवाल.

गावात कुणी गेलं की पोथीची वेळ त्यांना कळू नये म्हणून लोक धडपडतात. ते पोचतातच.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या सरलाचं सहा वर्षांचं पोरगं डेंग्यूच्या तापाने गेलं. तिसऱ्या दिवशी महाराजांनी पोथी वाचता वाचता अर्थ सांगितला, की आईच्या पूर्वजन्मीच्या पापाने लेकरू जातं. भिंतीशी बसलेल्या सरलाने मान खाली घातली. माझंही डोकं सणकलं. भाऊ तर उठलेच.

"महाराज, डास चावला तवा मायचा मागला जन्म इचारून चावला काय? कायले जित्या बाईले मारून राह्यले?"

महाराज पोथी तशीच टाकून तरातरा निघून गेले. सरलाचा सासरा संतापून भाऊंसमोर येऊन उभा राहिला. दुखवट्याच्या घरात पोथी अर्धी ठेवत नाहीत आणि ती घडाघडा वाचणारा गावात दुसरा एकच माणूस.

"तुनं उठवलं त्याईले," म्हातारा ओरडला, "आता तूच वाच!"

भाऊ बसले. पोथी फाडतात की काय, म्हणून मी शेजारी सरकलो. त्यांनी चष्मा लावला, पानावर बोट ठेवलं आणि संथ आवाजात वाचलं, "लेकरू जाते, त्यात मातेचा दोष नाही. काहीही दोष नाही."

मी पानात डोकावलो. तसलं एक अक्षर तिथे नव्हतं. सरला तीन दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.

परत येताना मी म्हटलं, "भाऊ, पोथीत नाई ते वाचलं तुमी?"

ते माझ्यावरच भडकले. "मंग काय खरं वाचू? आमची पोर गेली तवा मी आंगनात उभा राहून महाराजासंग वाद घालत होतो. तुयी वहिनी आत एकटी आयकत होती." त्यांच्या वांग्यांच्या मळ्याच्या फाटकाशी ते थांबले. "मरेपर्यंत मले इचारे, माह्या हातून काय झालं होतं हो?"