बखर ड्रमकीवच्या पदप्रक्षालनाची

श्री मरियममाता प्रसन्न.

अखंड मोबाइलमंडित, अभ्यासपराङ्मुख, चिरंजीव भाची एडीन इजप्रति मामा फर्गल गॅलन याचे अनेक आशीर्वाद. विशेष. तुम्ही गॉलवेस मैत्रिणींकडे मुक्कामास होता म्हणोन मोहिमेस हजर नव्हता, आणि परत आलियावर नाक मुरडोन पुसिले की, बाबांचे मोटारीस शेवाळाचा वास का येतो आणि आजी त्या मोटारीत बसोन गालात का हसते. बाबांस पुसिले तर ते विषय बदलितात, आईस पुसिले तर ती हसोन लोळते, सबब आम्हांस साद्यंत मजकूर लिहावयाची आज्ञा जाहली. आम्ही पाहिले ते लिहितो, पाहिले नाही ते ऐकोन लिहितो, आणि जे ऐकिलेही नाही ते आम्हांस ठाऊकच होते. पदरचे काही घातले असेल तर ते शोभेपुरते.

मेयो प्रांती दस्तुर ऐसा की, ऑगस्ट माहे पंधरावी तारीख, मरियममातेचा सण, ते दिवशी समुद्रात पाय बुडविले असता वर्षभर दुखणे अंगास शिवत नाही. तुमच्या आजी, आमच्या मातोश्री, अ‍ॅट्रॅक्टाबाईसाहेब यांनी परकर नेसत होत्या तेव्हापासोन हा नेम मोडिला नव्हता. लग्नाउपरी तुमचे आजोबा, स्वर्गवासी ऑस्टिनसाहेब, ड्रमकीवचे किनाऱ्यावर गोल धोंड्यांची जी रास आडवी पसरली आहे तीवरोन बाईंस दोन्ही हातांवर उचलोन पलीकडे नेत, आणि बाई वाटभर ‘पाडशील मेल्या’ म्हणत, आणि ते पाडीत नसत. मग आजोबा वारले, आणि पुढले साली मोहिमेची मुखत्यारी तुमचे तीर्थरूप फिंटनराव मुल्हर्न यांजकडे आली, आणि त्यांनी मुसळधार पाऊस पाहोन निम्मे वाटेवरोन फौज माघारी फिरविली. नेम मोडला. त्या हिवाळी बाईंचा गुडघा धरला, छातीत कफ जाहला, आणि दर रविवारी जेवणाचे टेबलावर बाई जावयाकडे न पाहता म्हणत की, पायाला खारं पाणी लागलं असतं तर ही वेळ आली नसती. फिंटनराव खाली मान घालोन बटाटे खात.

यंदा जुलै अखेरीस बाईंनी हुकूम सोडिला, “यंदाही चुकलं तर पुढच्या वर्षी मला विचारूच नका. मी विसरले म्हणेन.” बाई जन्मात काही विसरल्या नाहीत, हे तमाम कॅसलबार शहर जाणते. तेव्हा ते बोल ऐकोन फिंटनरावांनी पानातला काटा खाली ठेविला आणि तेच क्षणी प्रतिज्ञा केली की, पाय बुडवीन तरच जावई म्हणवीन.

मग तजवीज सुरू जाहली. बाईंनी प्रागच्या बाळयेशूची मूर्ती कुंपणाखाली उघड्यावर ठेविली, म्हणजे दुसरे दिवशी पाऊस येत नाही ऐसी समजूत. तुमची आई डर्व्हला हिने हॅमचे आणि अंड्याचे सँडविच पावाचेच पिशवीत बांधिले, आणि वाऱ्याचा आडपडदा, जाडे कोट, टॉवेल ऐसा सरंजाम मोटारीत कोंबिला, आणि चहाचे थोर थर्मासाची किल्लेदारी आम्हांस सांगितली. ही कामगिरी जोखमीची. तिजमुळे पुढे आम्हांस कोठेही हात लावता आला नाही, याचे दुःख आजही वाटते.

चौदावीस कूच होऊन ड्रमकीवास मुक्काम पडला. किनाऱ्याचे वर मॅलकी डर्कन यांचे शेत, तेथे दरसाल डेरा पडतो. यंदा वारा ऐसा गनीम की एक खुंटी ठोकावी तो दोन उपटाव्या, आणि फिंटनराव डेऱ्यास कवटाळोन शेतभर फिरले, आणि त्या झटापटीत कंबरेत उसण भरली. डेरा उभा राहिला खरा, परंतु ईशान्येस किंचित झुकोन.

संध्याकाळी खासे मॅलकी भेटीस आले. डर्व्हलाने चहा पुसिला, ते म्हणाले आत्ताच झाला. पुन्हा पुसिला, म्हणाले उगाच त्रास कशाला. तिसऱ्याने पुसिला तेव्हा, इतकं म्हणतेस तर घोटभर दे, ऐसे बोलोन तीन पेले आणि अर्धा केक फस्त केला. आमच्या मुलखाचा हा कायदाच आहे. पहिल्या पुसण्यास हो म्हणणे तो हावरटपणा, दुसऱ्यास हो म्हणणे तो उतावीळपणा, आणि तिसऱ्यास नाही म्हणणे तो यजमानाचा अपमान. या कायद्याने दुसरे दिवशी काय अनर्थ मांडिला तो पुढे येतो.

पंधरावीस सकाळी पाऊस होता. परंतु या देशी पावसास पाऊस म्हणो नये. झिमझिम असता ‘दिवस जरा मऊ आहे’ म्हणावे, आणि झोडपू लागला असता ‘आत्ता उघडेल’ म्हणावे. तो दिवस फार मऊ होता. बाळयेशू कॅसलबारास कुंपणाखाली भिजत होते आणि आम्ही येथे. दोन प्रहरी पावसाने थोडी उसंत दिली, तेव्हा अवघी स्वारी धोंड्यांचे राशीपाशी दाखल जाहली. ओहोटी लागलेली, समुद्र पार क्षितिजाकडे गेलेला. बाईंनी काठी टेकिली, एक पाऊल धोंड्यावर ठेविले, धोंडा गडगडला, आणि बाई मागे आल्या.

मग फिंटनराव कंबर धरोन पुढे जाहले आणि दोन्ही हात पसरोन अर्ज केला की, आज्ञा जाहली तर उचलोन नेतो. आम्हांस वाटले आता शिव्या पडतात. परंतु बाई हळूच बोलल्या, “तुझ्या कंबरेसाठी नाही म्हणत, फिंटन. मला उचलायचा मान एकालाच होता.” डर्व्हलाने उगाच टॉवेलाची घडी मोडिली आणि पुन्हा घातली.

तेव्हा फिंटनरावांनी निर्वाणीची मसलत काढिली. राशीचे उत्तरेस खिंड आहे, तीमधोन शेतकरी खतास समुद्राचे शेवाळ आणावयास ट्रॅक्टर नेतात. त्या वाटे मोटार वाळूवर घालावी आणि बाईंस पाण्याचे काठापर्यंत पोचवावे. खिंडीपुढे काही अंतर घट्ट वाळू, तेथवर अवघा गाव मोटारी नेतो. तेथोन पुढे कोणी जात नाही, आणि का जात नाही हे पुसावयास फिंटनराव थांबले नाहीत. सासूबाईंस चार पावले कमी चालावी लागोत, या सद्हेतूने मोटार पुढे दामटली. घट्ट वाळू सरली, ओली लागली, चाक गरगर फिरले, आणि मोटार पोटापर्यंत रुतोन बसली. फिंटनराव उतरोन ढकलू लागले, डर्व्हला उतरोन ढकलू लागली. आम्ही मागल्या आसनी थर्मास सावरोन होतो. बाईंनी दार उघडोन काठी टेकोन पाहिली, ती मुठीपर्यंत आत गेली. मग बाईंनी काठी उपसोन दार लावोन घेतले, आणि तोच भरती लागली.

ते समयी किनाऱ्याने मॅलकी शेवाळ भरोन ट्रॅक्टरसह येते जाहले. थांबले, टोपी मागे सारिली, रुतलेली चाके पाहिली, येणारे पाणी पाहिले, आणि आभाळाकडे पाहोन म्हणाले की दिवस मऊ आहे. फिंटनरावांनी घाम पुसोन कबूल केले की आहे खरा. मग मॅलकींनी पुसिले, ओढू का. जीव जात असताही फिंटनरावांचे मुखातोन कायद्याप्रमाणे निघाले, “नको रे मॅलकी, कशाला त्रास? आमचं बरं चाललंय.” मॅलकींनी मान डोलाविली, आणि ट्रॅक्टर घेवोन शेवाळ उतरावयास गेले. हा त्यांचा अधिकारच होता. पुन्हा पुसावयास येणार हे फिंटनराव जाणत होते, मॅलकी जाणत होते, फक्त समुद्रास कोणी कळविले नव्हते.

डर्व्हला नवऱ्यावर कडाडली की, हो म्हणायला जीभ झडली होती काय. फिंटनरावांनी काकुळतीने जबाब दिला की, एकदाच विचारलं ना त्याने, लगेच कसं हो म्हणायचं. ती खाली बसोन हातांनी वाळू उपसू लागली, कारण तिला पुसिले असते तर तिनेही नाहीच म्हटले असते. पाणी पुढे सरकले. मॅलकी पुन्हा आले, शेवाळाचे भावाविषयी बोलले, शेजारच्या गावातील एका मयतीविषयी बोलले, मग पुसिले, ओढू ना. “अरे नको, बघतोच आता थोडं मागेपुढे करून,” ऐसे फिंटनराव बोलले, आणि आवाज रडवेला जाहला होता. मॅलकी दोर आणावयाचे निमित्त करोन गेले.

येथे बखरकाराने काय पाहिले ते नीट ध्यानी धरावे. बाहेर दोघे नवराबायको हातांनी वाळू उपशीत होते, आणि दोघांची पाठ समुद्राकडे होती. आत बाईंचे तोंड समुद्राकडे. बाई काच पुसोन लाटांकडे टक लावोन पाहत होत्या. मग त्यांनी बूट काढिले, जोडीने पायाशी ठेविले, आणि सावकाश मोजे खाली गुंडाळू लागल्या. आम्हांकडे आरशातोन पाहिले आणि बोट ओठांवर ठेविले. आम्ही जन्मभर बाईंचे ऐकिले आहे, तेव्हाही ऐकिले.

मॅलकी तिसऱ्याने आले ते दोर खांद्यावर टाकोनच. पाणी पुढल्या चाकापासोन हातभर. “आता ओढतोच, फिंटन,” ते बोलले, आणि फिंटनरावांनी सुटकेचा निःश्वास टाकिला, आणि ‘हो’ म्हणावयास तोंड उघडिले, तोच काच खाली जाहली.

“नको, मॅलकी,” बाई म्हणाल्या. “आमचं बरं चाललंय.”

तिसऱ्या पुसण्यास नकार, ऐसे मेयोचे इतिहासात पूर्वी घडले नाही. मॅलकी जागीच खिळले. फिंटनरावांचे तोंड उघडे ते उघडेच. मग बाईंनी सेनापतीचे इभ्रतीने फर्माविले, “दोर बांधून ठेव. पण मी सांगेपर्यंत ओढायचं नाही.”

दोर बांधिला. मॅलकी ट्रॅक्टरवर चढोन बसले. लाट आली, चाकाशी फुटोन परतली, दुसरी आली, आणि बाईंनी दार सताड उघडोन दोन्ही पाय बाहेर सोडिले. तिसरी लाट पोटऱ्यांपर्यंत आली, तिने पाय धुतले, आणि आपली समजोन शेवाळासह मोटारीतही शिरली, आणि आमचे बूट भिजविले. बाईंनी कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रुसाची खूण केली, आणि समुद्राकडेच पाहत म्हणाल्या, “गार आहे रे, ऑस्टिन.”

फिंटनराव गुडघाभर पाण्यात उभे होते, ते दुसरीकडे पाहू लागले. आम्हीही थर्मासाचे बूच तपासिले.

काही वेळाने बाई वळल्या आणि मॅलकीस हाक मारोन म्हणाल्या, “ओढ आता. आणि ऐक, माझ्या नवऱ्याने मला समुद्राकडे नेलं. ह्याने समुद्र माझ्या दारात आणला.” एवढे बोलोन बाईंनी ओले पाय आत घेतले आणि पुढे किताब बहाल केला, “तसा वाईट नाहीये तो.” मेयो प्रांती यापरता थोर किताब नाही. ऑस्टिनसाहेबांस तो लग्नानंतर कैक वर्षांनी मिळाला होता. फिंटनरावांनी तो ऐकिला, आणि कंबरेची उसण विसरोन ताठ उभे राहिले, आणि मग कळ येवोन पुन्हा वाकले.

मोटार सुखरूप निघाली. धोंड्यांचे आडोशाला पडदा लाविला, आणि आम्ही किल्ला उघडिला, तो चहा वाफाळत होता, हे आमचे शौर्य कोणी वाखाणले नाही म्हणोन आपणच लिहितो. मॅलकीस चहा पुसिला, ते म्हणाले आत्ताच झाला. बाईंनी दुसऱ्याने पुसिलेच नाही, पेला त्यांचे हाती दिला. त्यांनी निमूट घेतला.

येणेप्रमाणे ड्रमकीवची मोहीम फत्ते जाहली आणि नेम शाबूत राहिला, हे रुजू असावे. फिंटनरावांनी मोटार धुवावी म्हणोन दोनदा बादली काढिली, आणि दोन्ही वेळा आजीचे गालातले हसू आठवोन तशीच मोरीत नेवोन ठेविली. वास येतो तो येऊ द्यावा. पुढील पंधरावीस तुम्ही हजर असावे, कारण पुढले सालचे बाईंस कोणी विचारले नाही. बाईंनीच ‘येणार ना’ म्हणोन आम्हांस विचारिले आहे, आणि तेही एकदाच. मोर्तब थर्मासचे बुडाचे, चहाचे डागाने केले असे.