पाना बसलाय

निजामपुऱ्यात आमच्या शेजारी बाळारामकाका राहतात. त्यांच्याकडे पाना मागायला गेलं की दारातूनच उत्तर येतं, "पाना बसलाय. चार दिसांनी ये." तोवर तुमचा नळ खुशाल वाहू दे.

बसलाय म्हणजे खिडकीपाशी, स्टुलावर, स्वतःचं चित्र काढून घ्यायला. जन्मभर पॉवरलूमची दुरुस्ती केलेले काका आता ऑइल पेंटिंग करतात आणि तेही फक्त हत्यारांचं. पक्कड, कानस, हातोडी. "एखादा गणपती काढा की," मी एकदा म्हटलं.

"देव मी बघितला न्हाय," काका म्हणाले, "पक्कड रोज बघतो."

त्यांच्या चित्रातल्या पकडीवरचा गंज इतका हुबेहूब आहे की बघितल्यावर हात धुवावेसे वाटतात.

हत्यार पुसलेलं त्यांना चालत नाही. "त्ये तेल मुरायला वरसां लागलीत!" शिवाय गल्लीतल्या लूममधून कापसाचे तंतू उडतात आणि ओल्या रंगावर चिकटतात, म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद. काकू घामाघूम. "माजा एक फोटू न्हाय भिंतीला," त्या मला ऐकवतात, "पन कानशीला चौकट हाय!"

यंदा समोरचा लूमचा कारखाना बंद पडला. उमेदीच्या वयापासून काकांबरोबर काम केलेले अन्सारीचाचा कायमचे उत्तर प्रदेशात, आपल्या गावी निघाले. दोघं रोज संध्याकाळी ओट्यावर बसून जुन्या लूमना मनापासून शिव्या घालायचे. काकांना दुसरा मित्र नाही. चाचांनी जायचं सांगितलं तेव्हा काका एवढंच म्हणाले, "तेरा पाना दे. जाने के दिन ले जा." आणि घरात तंबी दिली, त्या पान्याला कुणी हात लावायचा नाही, सावली हलते.

चाचांच्या गाडीचा दिवस नेमका खंडेनवमीचा. काकू सकाळीच हत्यारांची पूजा करायला बसल्या. पाहुण्या पान्याला वगळणं बरं दिसेना आणि हात तर लावायचा नाही. मग काकूंनी शक्कल लढवली. हळदकुंकू वाहिलं ते चित्रातल्या पान्याला. रंग ओला. कुंकू असं पसरलं की पान्याला सर्दी होऊन नाक लाल झाल्यासारखं दिसू लागलं.

भांडण सोडवायला काकूंनी मला आधीच बोलावून ठेवलं. "तुमीच बोल्लाव ना, हात लावू नको म्हनून!" काका चित्रापाशी येताच त्यांनी सुरुवात केली.

काकांनी वाकून चित्र बघितलं. "ऱ्हाऊ दे. बरा दिसतोय," म्हणाले. मी काळजीतच पडलो.

तेवढ्यात चाचा पिशव्या घेऊन दारात उभे. "चलता हूँ, बाळाराम. पाना दे."

"बैठ. थोडा बाकी है."

"गाडी छूट जाएगी."

"छूटने दे," काका मान वर न करता म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "गाडी दुसरी मिलेगी. मेरे को दुसरा कौन मिलेगा?"

काकू पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. चाचांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि खुर्ची ओढून घेतली.

काका चित्रावर ब्रश फिरवू लागले. ब्रशला रंगच नव्हता. कोरडाच ब्रश ते पुन्हा पुन्हा त्याच जागी फिरवत होते. चाचांना ते दिसत होतं, पण गाडीचं नाव काही त्यांनी पुन्हा काढलं नाही.