खोडरबरांची बरणी

तांबोळी सरांच्या चित्रकलेच्या वर्गात चपला घालून गेलं तरी चालायचं, पण खोडरबर दारातच काढून द्यावं लागायचं. सर स्वतः दारात उभे राहून एकेकाचा कंपास उघडायचे आणि सापडलेलं खोडरबर लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायचे. "दिसलं ते काढायचं. काढलं ते पुसायचं न्हाई. इमान पायजे."

इमान हा त्यांचा लाडका शब्द. आंब्याच्या फांदीत इमान नाही, घागरीच्या गळ्यात मात्र आहे, असं ते चित्र लांब धरून सांगायचे. स्वतःच्या शर्टाची बटणं दर दोन दिवसांनी वर-खाली लागलेली असायची, त्याचं काही नाही.

आमची शाळा नेकनूरच्या थोडं पुढं. गावातली, तांड्यावरची, मोहल्ल्यातली, आमच्या बौद्धवस्तीतली, सगळी पोरं तिथंच. डबा खाताना मात्र चार घोळके व्हायचे. सरांनी त्यावर कधी भाषण केलं नाही. गॅदरिंगच्या आधी ते बिस्किटाच्या डब्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायचे. ज्याची चिठ्ठी येईल त्याच्या घरी जायचं, तासभर बसायचं, तिथलं पाणी प्यायचं आणि ते घर काढून आणायचं. मग सगळी घरं व्हरांड्यात एका दोरीवर टांगायची. मोहल्ल्यातल्या एकानं तांड्यावरच्या आजीच्या घागऱ्याचे आरसे मोजून काढले होते. एक कमी भरला म्हणून सरांनी त्याला परत पाठवलं. आजीनं दुसऱ्यांदा जेवू घातलं.

सातवीत मला गावातल्या एका मोठ्या घराची चिठ्ठी आली. तिथल्या आजोबांनी पाणी दिलं, पण कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपातून. मी तो कप काढला आणि नंतर घाबरले. सरांना म्हणाले, एकदाच खोडरबर द्या. त्यांनी बरणी पोटाशी धरली.

"कप तिथं तू ठिवला का त्यांनी? मंग तू कावून भेतीस?"

आजोबा गॅदरिंगला आले. सरांनी त्यांना खुर्ची दिली, नेमकी त्या चित्रासमोर. पुढच्या वर्षी त्या घराची चिठ्ठी आमच्याच वस्तीतल्या माझ्या मैत्रिणीला आली. तिच्या चित्रात कोनाडा रिकामा होता.

नववीत माझी शाळा सुटली. आता मी बंगळुरूला कपडे शिवायच्या कारखान्यात आहे. गावाकडं माय एकटीच. मी रोज फोन करते आणि ती रोज म्हणते, "मला काय धाड भरलीय? लई बरी हाय." फोन ठेवला की मी पुन्हा काळजीत.

गेल्या आठवड्यात सरांनी मोबाइलवर एक चित्र पाठवलं. आमचं घर. पत्रा, रांजण, दांडीवरचं लुगडं. आणि दाराला टेकवलेली एक काठी. आमच्या घरात काठी कधीच नव्हती.

मी सरांना फोन लावला. शाळा सोडून सहा वर्षं झाली, माझी चिठ्ठी अजून डब्यात कशी, हेच आधी तोंडातून निघालं.

"शाळा सुटली म्हनून घर कुटं गेलं? जितक्यांची सुटली तितक्यांच्या चिठ्ठ्या हायेत," सर म्हणाले. मग सहावीच्या ज्या पोरीनं चित्र काढलं तिच्यावर घसरले, काठीची सावली उलट्या अंगाला पाडली म्हणून. ते झाल्यावर म्हणाले, "तुजी माय तिला म्हनली, बाई, तेवडी काठी पुस, लेकीला कळंल. पोरगी म्हनली, खोडरबर सरांकडं हाय."

मला हसू आलं आणि तसंच रडूही. मग सरांनीच सांगितलं, माय पडली होती. महिना झाला होता.

सरांच्या घरी आता ते एकटेच असतात. मी विचारलं, सर, तुमच्या घराची चिठ्ठी?

"हाय की डब्यात. पैल्या सालापासून हाय. अजून कोनाला आली न्हाई." आणि पुन्हा सावलीवर आले.

रजा मिळाली आहे. शनिवारी निघते. आधी मायकडं. मग चिठ्ठी न येताच सरांच्या घरी. तासभर बसणार, पाणी पिणार. कागद-पेन्सिल घेतली तेव्हा दुकानदारानं सोबत खोडरबरही दिलं. तेही नेणार आहे. दारातच काढून देईन.