टाकीची कंबर

सार्वजनिक बांधकाम वरपासून खालपर्यंत एकसारखं जाड असावं, याबाबत दुमत नाही. माणसाचा विश्वास जाडीवर बसतो. (अहवाल उगाच जाड नसतात.)

पाणीपुरवठा खात्यातल्या कनिष्ठ अभियंत्याने हे पाळलं नाही. त्याने नव्या टाकीखाली उभारलेला लोखंडी मनोरा खाली रुंद, वर रुंद आणि मध्ये चिंचोळा होता. उद्घाटनाला आलेल्या नगराध्यक्षांनी बराच वेळ मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "मधलं कुणी खाल्लं?"

अभियंत्याला हसू आलं. तिथेच त्याचं चुकलं.

तातडीने चौकशी समिती नेमली गेली. कंबर मोजायची म्हणून तीत एक नावाजलेला शिंपीही घेतला. समितीने ४१२ नागरिकांचं मत घेतलं. ४०९ जणांच्या मते लोखंड खाल्लं गेलं होतं. उरलेले तिघे अभियंत्याचे नातेवाईक निघाले. (त्यांपैकी सासऱ्यांनी नंतर मत बदललं.)

नोकरीवर बेतलं तेव्हा अभियंत्याने समितीपुढे दोन कडी आणि चोवीस काठ्या मांडल्या. काठ्या कड्यांना उभ्या बांधून त्याने वरचं कडं थोडं फिरवलं. मध्ये कंबर पडली.

"बघा साहेब, एकही काठी वाकली नाही की तुटली नाही. नुसत्या तिरक्या उभ्या आहेत. मनोराही असाच आहे. म्हणून तर कमी लोखंडात वाऱ्याला पुरून उरतो."

समितीने बारकाईने पाहून नोंद केली: 'सर्वांच्या डोळ्यांदेखत मधला भाग नाहीसा करण्याचं कसब सदर इसमाकडे आहे.' त्याला निलंबित करण्यात आलं.

"अहो, सरळ खांब उभे केले असतेत तर काय बिघडलं असतं?" बायको म्हणाली.

"दुप्पट लोखंड लागलं असतं."

"लागू द्यायचं होतं की! लोकांना दिसलं तरी असतं."

ती खात्यात असती तर फार वर गेली असती, हे त्याला मनोमन पटलं आणि वाईटही वाटलं.

दरम्यान मनोऱ्याच्या कंबरेभोवती विटांचं बांधकाम करून जाडी सारखी करण्यात आली. हे ओझं मनोऱ्याच्या तिरक्या लोखंडी पट्ट्यांना पेलणार नाही, असं अभियंत्याने तीनदा लेखी कळवलं. तिन्ही पत्रं 'नकारात्मक वृत्ती' या फायलीत व्यवस्थित लावली गेली. गुरुवारी टाकी भरली. शनिवारी सकाळी पट्ट्या कुरकुरू लागल्या, तसा तो धावत गेला आणि दारं बडवून त्याने अख्खी गल्ली रिकामी केली. दुपारी मनोरा कोसळला. कुणाला खरचटलंही नाही.

समितीने ढिगारा मोजला. तो मध्ये सर्वांत जाड भरला. शिंप्याने समाधान व्यक्त केलं.

बडतर्फीपूर्वी गल्लीतल्या लोकांचं म्हणणं घेतलं गेलं. त्यांनी एकमुखाने सांगितलं, "पडणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. आतली गोष्ट असल्याशिवाय कसं कळेल?"

तरीही खातं न्यायी आहे. अभियंता निर्दोष आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्या सह्यांसाठी ऑफिसात कागद ठेवलेला आहे. वेळ अकरा ते पाच. पंधरवडा झाला, कागद कोरा आहे. पण हळहळ पुष्कळांनी कळवली. आत्ता तुम्हाला वाटली, तीही त्यात धरली आहे. तुम्ही येण्याची तसदी घेऊ नये.